आधी सायकल, मग पत्रिका

सायकल घेताना पुण्यातला माणूस रंग बघतो, गिअर मोजतो, शेजाऱ्याने केवढ्याला घेतली ते विचारतो. आपलं अंग तिच्यावर बसतं का, हा प्रश्न त्याला पडतो तो थेट खडकवासल्याहून परतताना, गुडघा बोलायला लागल्यावर. मग सायकल अंगाला बसवून देणाऱ्या बाइक फिटरची शोधाशोध. लग्न लागल्यावर पत्रिका घेऊन गुरुजींकडे जावं, तसला हा प्रकार. गुण जुळले नाहीत तरी नांदायचं तर आहेच. काही शांत करता आली तर बघायची.

पूर्वी हे काम कोपऱ्यावरचा सायकलवाला करायचा. "काका, दोन्ही पाय टेकतात ना? झालं तर मग!" गोम अशी, की सीटवर बसून दोन्ही तळवे निवांत टेकत असतील, तर सीट बहुधा फार खाली असते. दारोदार उतरणाऱ्या पोस्टमनला ते सोयीचं होतं, सिंहगड चढणाऱ्याच्या गुडघ्याला नाही. ढोबळ हिशेब असा : गुडघा पुढून दुखला तर सीट खाली आहे, मागून दुखला तर वर. टूर द फ्रान्स तीनदा जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावाने एक सूत्रही चालतं. पायाची आतून मोजलेली लांबी गुणिले ०.८८३. पाय ८० सेंटिमीटर असेल, तर क्रँकच्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत अंदाजे ७०.६. सुरुवातीला ठीक आहे, पण तुमची कंबर दिवसभर खुर्चीत असते हे सूत्राला कुठून कळणार?

ते फिटरला कळायला हवं. म्हणून त्याच्याकडच्या लेझर-कॅमेऱ्यांवर भाळू नये; तो आधी काय विचारतो ते ऐकावं. चांगला फिटर बराच वेळ सायकलला हातच लावत नाही. कुठे दुखतं, कधी पडला होतात का, आठवड्याला किती चालवता (इथे सगळेच थोडं वाढवून सांगतात, आणि तो थोडं वजा करून लिहितो). मग आडवं झोपवून एकेक पाय उचलून बघतो. त्यानंतर सायकल ट्रेनर नावाच्या स्टँडवर चढते आणि तो तुम्हाला घाम येईपर्यंत पॅडल मारायला लावतो. कारण पहिली पाच मिनिटं प्रत्येकजण फोटोला बसल्यासारखा ताठ असतो. नंतर खरा बाक बाहेर येतो. तेव्हा तो गुडघ्याच्या बाहेरचं हाड बोटाने चाचपतो, कोनमापक लावतो, पॅडल तळाशी असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंशांत वाकतो का बघतो, आणि सीट पाच मिलिमीटर वर घेतो.

"पाच मिलिमीटरसाठी एवढे पैसे?" असं घरी विचारलं जाईलच. तेव्हा सायकलपटू एडी मर्क्सचं नाव सांगावं. १९६९ मध्ये ब्लुआच्या ट्रॅकवर पडून कंबर दुखावल्यापासून हा जगज्जेता शर्यत चालू असतानाही सीट वर-खाली करत असे. घरच्यांचं समाधान होणार नाही, पण विषय बदलेल.

फ्रेम मात्र फिटरलाही बदलता येत नाही. हँडल लांब पडत असेल तर तो हँडल धरणारा शंभर मिलिमीटरचा स्टेम काढून ऐंशीचा बसवेल. फ्रेमच दोन साइझ मोठी असेल तर प्रामाणिक फिटर तसं तोंडावर सांगतो. आणि जो पहिल्या दहा मिनिटांत नव्या सीटवरून नव्या हँडलवर, तिथून भिंतीला टांगलेल्या नव्या सायकलवर पोचतो, तो फिटर नव्हे, दुकानदार.

फोनवर दोनच गोष्टी विचाराव्यात : सगळी मापं लिहून देणार का, आणि पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा बघणार का. दोन्हीला "हो" आलं तर बेलाशक जा. जाताना रोजचेच बूट घाला. आणि सीटचा दांडा हलतो का, ते आदल्या दिवशी घरीच बघा. जुन्या सायकलींचा तो गंजून घट्ट बसलेला असतो, आणि फिटिंगचा निम्मा वेळ तो सोडवण्यातच जातो.