सभाष्य स्लाइडशो-सूत्रे (नांदेड-लातूर शाखा)

कोणत्याही शास्त्राच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याची रीत आहे, ती येथे पाळतो. विषय: फोटो ओळीने लावून, त्यांना गाणे जोडून नातेवाइकांना रडवणे. प्रयोजन: तेच, पण रात्री बारापूर्वी. अधिकारी: ज्याला घरात कुणीतरी एकदा ‘तुला मोबाइलातलं येतंय की, तूच कर’ म्हणाले आहे, तो. संबंध: मामा-भाचा, गुरुजी-विद्यार्थी किंवा साहेब-कार्यकर्ता; तिसऱ्या प्रकारात काम तातडीचे समजावे. या विद्येला क्लास नाही, गाइड नाही. दुसऱ्याचे पाहावे आणि आपले करावे, एवढीच परंपरा. तिची सूत्रे अशी.

सूत्र १. सामग्री मे संपताना गोळा करावी.

भाष्य: पोराला शाळेत घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. त्यामुळे एक अख्खी पिढी कागदोपत्री एकाच दिवशी जन्मली. त्यातले जे राज्य सरकारच्या नोकरीत लागले, ते ५८ वर्षे भरताच ३१ मे रोजी घाऊक निवृत्त होतात. त्या दिवशी कंधारपासून औशापर्यंत सेवापूर्ती गौरव समारंभ आणि दुसऱ्या दिवशी त्याच मंडळींच्या वाढदिवसांचे स्टेटस. तुलनात्मक अभ्यासकाला यापरती एकजिनसी सामग्री कोठे मिळणार? तारीख तीच, शाल तीच, नारळ तोच, फक्त सत्कारमूर्ती निराळे. अशा वेळी जो फरक दिसेल तो करणाऱ्याच्या हाताचा, हे निश्चित.

सूत्र २. चुकीवरून कुळ ओळखावे.

भाष्य: पुण्याच्या भांडारकर संस्थेने शेकडो हस्तलिखिते पडताळून महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९६६ साली पुरी केली. पाठचिकित्सेचा एक साधा नियम असा की, दोन प्रतींत एकच चूक सापडली तर त्यांचा पूर्वज एक मानावा. हा नियम स्टेटसला तंतोतंत लागू पडतो. मुखेडच्या व्हिडिओत ‘हार्दीक’ आणि निलंग्याच्याही व्हिडिओत ‘हार्दीक’, म्हणजे टेम्प्लेट एकच. कोपऱ्यात काइनमास्टर ॲपचा शिक्का असेल तर ती पुष्पिका: लेखनिकाने फुकटची आवृत्ती वापरली आहे. शेवटच्या चौकटीत भलत्याच नवरदेवाचे नाव निघाले तर तो प्रक्षेप. धर्माबाद-देगलूरकडच्या व्हिडिओत मध्येच तेलुगू गाणे लागते; तो मात्र प्रक्षेप नव्हे, ती सोयरीक.

शिकणाऱ्याने येथे एवढेच धरावे: पाहिलेल्या कामात टेम्प्लेटने काय केले आणि माणसाने काय केले, हे आधी वेगळे काढावे. पुष्कळदा दुसऱ्या रकान्यात काहीच उरत नाही. तसे झाले तर पुढचा व्हिडिओ घ्यावा.

सूत्र ३. ज्याच्याकडून उचलायचे, त्याने कोठून उचलले तेही पाहावे.

पूर्वपक्ष: उचलेगिरीला शास्त्र म्हणणे हा निलाजरेपणा आहे.

सिद्धान्त: मग थोरांची नावे काढावी लागतील. स्थिर फोटोवर कॅमेरा हळूहळू सरकवण्याची जी युक्ती प्रत्येक ॲपमध्ये आहे, ती अमेरिकन माहितीपटकार केन बर्न्स यांच्या नावाने ओळखली जाते. अमेरिकन यादवी युद्धावरच्या १९९० सालच्या मालिकेत त्यांनी ती भरपूर वापरली. पण १९५७ च्या ‘सिटी ऑफ गोल्ड’ या कॅनडातल्या माहितीपटात जुने फोटो असेच सरकतात, आणि बर्न्स यांनी त्याचे ऋण मानले आहे. आपल्याकडे दादासाहेब फाळके ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहून पेटले, मग दुसऱ्यांचे चित्रपट पाहत सुटले. त्याआधी १८९२ साली कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ काढली होती: काचेवर रंगवलेली चित्रे, मागे दिवा, सोबत निवेदन. विलायती मॅजिक लँटर्नमध्ये त्यांनी देशी कथा घातल्या. हा स्लाइडशोच, फक्त चार्जिंग रॉकेलवर.

आणखी मागे जायचे तर लातूरहून अंबाजोगाईला जावे. तेथे संतकवी दासोपंतांची पासोडी आहे: सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापड, त्यावर पंचीकरण या वेदान्तातल्या विषयाचे विवेचन, तेही आकृत्यांसह. एकाच स्लाइडवर सगळा मजकूर बसवण्याचा आपल्या भागातला हा आद्य नमुना. आजच्या पीपीटीवाल्यांनी नेमके तेवढेच उचलले. सांगण्यासारखे काही असण्याची अट तेवढी वगळली.

सूत्र ४. आधी मुके पाहावे, मग आंधळे ऐकावे, मग पोट फाडावे.

भाष्य: परीक्षेच्या तयारीच्या लातूर पॅटर्नचे मर्म मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवत राहण्यात आहे. तोच मार्ग येथे. पहिल्या वेळी आवाज बंद करून पाहावे. गाण्यावाचून जे टिकते, ती रचना. दुसऱ्या वेळी डोळे मिटून ऐकावे. हलगीचा ठेका कोठे पडतो ते कळते. तिसऱ्या वेळी वेग चौथाईवर आणावा आणि फोटो ठेक्यावर बदलतो की ठेका चुकवून, ते पाहावे. पीपीटीची मूळ फाइल हाती लागल्यास ॲनिमेशन पेन उघडावे. कोणती वस्तू कोणत्या क्षणी, किती वेळ हलते याचा सगळा जमाखर्च तेथे असतो. अलाइट मोशन ॲपवाली पोरे तर आपले प्रोजेक्टच एकमेकांना पाठवतात.

या अभ्यासाने नवशिक्याला सगळे इफेक्ट येतात, आणि तो सगळे एकाच व्हिडिओत घालतो. लातूरच्या गंजगोलाईत १६ रस्ते येऊन मिळतात. त्याच्या व्हिडिओत फोटोही तसाच सोळा दिशांनी येतो. ही अवस्था गोवरासारखी, यावी आणि जावी.

सूत्र ५. शेवटी पडद्याकडे पाठ करून प्रेक्षकांकडे पाहावे.

भाष्य: हे सर्व सूत्रांचे सार. मंगल कार्यालयात एलईडी पडद्यावर स्लाइडशो लागला की नवरदेवाकडे कुणी पाहत नाही. जो तो स्वतःला शोधतो. सापडला की मान पुन्हा मोबाइलात. नाही सापडला तर जेवणाच्या पंगतीत ऐकू येते, ‘आमच्या दाजीचा फोटो कामून घेतला नाही ओ?’

म्हणून दुसऱ्याच्या कामातून उचलायचा तो इफेक्ट नव्हे, क्रम. पहिला मान गणपतीचा, मग कुलदैवत: माहूरची रेणुका, माळेगावचा खंडोबा, जे असेल ते. त्यानंतर हार घातलेले आजोबा. मामा कोणत्या कडव्यात आले, आत्याला एकटीचा फोटो मिळाला की घोळक्यात उभे केले, दोन काकांना सारखेच सेकंद दिले का, हे मोजावे. अर्ध्या सेकंदाचा फरक पुढे बांधावरच्या भांडणात निघतो. मुरलेला अभ्यासक परक्या घरचा स्लाइडशो एकदा पाहून सांगतो की या भावकीत कोण कोणाशी बोलत नाही.

फलश्रुती

जो हे शास्त्र नित्य अभ्यासील, त्याचा व्हिडिओ पन्नास ग्रुपवर त्याच्या नावावाचून फिरेल. कोणी अनोळखी पोरगा तो चौथाई वेगाने थांबवून थांबवून पाहील, त्याच्यातले इफेक्ट उचलील आणि क्रम सोडून देईल. मग त्याच्याही घरची आत्या रुसेल, आणि त्याचे खरे शिक्षण सुरू होईल.