माहेरी गेली की खोकला थांबतो

“माई, आहात का? गडग्याशी या जरा. वरच्या आळीतल्या काकूंची सून आली म्हणे पुण्याहून.”

“आली परवा. आणि आल्या रात्रीपासून खोकला सुरू! काकू आळीभर सांगत सुटल्यात, आईकडे ठणठणीत असते, इथे उंबरा ओलांडला की खोकते. कामाचा कंटाळा, दुसरं काय!”

“मग? नाटक नाही ते?”

“नाटक कसलं गो! सुनेने हेच डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, झोपायच्या खोलीत ओल आहे का बघा आधी. कपाट ओढलं तर मागची भिंत काळीकुट्ट.”

“अगंबाई! काळी बुरशी? कोविडात लोकांचे डोळे काढायला लागले, ती?”

“काकूंनाही तेच वाटलं. ती २०२१ची म्युकरमायकोसिस निराळी. साखर वाढलेल्या, स्टेरॉइड घेतलेल्या पेशंटांना गाठायची. काळं पडायचं ते मेलेलं मांस. ही भिंतीवरची. हिचे कण हवेत उडतात नि श्वासाबरोबर आत जातात. कुणाला काही होत नाही, कुणाला शिंका, ज्याला दमा आहे त्याची धाप वाढते. म्हणून काकू धडधाकट नि सुनेच्या हातात पंप.”

“पण काका तर दरवर्षी गणपतीआधी रंग काढतात की.”

“रंगाने ओल जाते का? कौलं उतरवून स्लॅब घातला, पागोळ्यांचं पाणी भिंतीवर यायला लागलं. त्यात पावसाळाभर ओले कपडे त्याच खोलीत वलणीवर, खिडक्या बंद, कपाट भिंतीला चिकटून. ओलं दोन दिवसांत वाळलं नाही की बुरशी धरलीच. काकूंनी डांबरगोळ्या टाकल्या, तेवढा वास झाकला. काकांनी तर ब्लीचिंग पावडरीत संडासचं अ‍ॅसिड ओतलं! क्लोरीन उठला, सगळे अंगणात. असली शास्त्रं पुरुषांना कोण शिकवतं देव जाणे.”

“सुनेच्याच माथी मारलं असेल खापर.”

“मारलं तर! विलायतेतही तेच. माझी भाची मँचेस्टरला आहे, ती सांगत होती. जवळच रॉचडेलला २०२०च्या डिसेंबरात अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं पोर गेलं, घरातल्या बुरशीपायी श्वास कोंडून. आईबाप तक्रारी करून दमले, तर घर भाड्याने देणारी संस्था म्हणे, तुमची राहणीच तशी. शेवटी मृत्यूची चौकशी झाली नि २०२२मध्ये बुरशीवरच ठपका आला. आता तिथे त्या पोराच्या नावाचा कायदा आहे. तसल्या भाड्याच्या घरात ओलीची तक्रार आली की ठरल्या मुदतीत येऊन बघायलाच लागतं.”

“आपल्याकडे कोण बघतंय! सासूने बघितलं तरी पुरे.”

“बघितलं ना! कपाट रिकामं करताना काकूंची लग्नातली पैठणी निघाली तळातून. पदरावर पांढरे ठिपके, मोराच्या गळ्यापर्यंत.”

“अरेरे! मग?”

“मग काय, सून चार पावसाळे खोकत होती तेव्हा गवंड्याला सवड नव्हती. पैठणी दिसली, त्याच संध्याकाळी माणूस स्लॅबवर चढला!”