मॅनेजरला घरबसल्या नारळ कसा द्यावा

पात्रता. इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबच्या मॅनेजरला कामावरून काढण्याचा अधिकार कागदोपत्री मालकांचा असला, तरी प्रत्यक्षात तो कोणालाही बजावता येतो. त्यासाठी मँचेस्टरला जन्म घ्यावा लागत नाही. मँचेस्टर नकाशात दाखवता यावं, अशीही अट नाही. स्वतः फुटबॉल खेळलेलं असल्यास चालतं, मात्र त्यामुळे ऐनवेळी दया येण्याचा धोका संभवतो. आमचे मेहुणे डोंबिवलीत राहतात. चेंडूशी त्यांचा शेवटचा संबंध सोसायटीच्या पार्किंगमध्ये आला, तोही पाठीशी. परंतु 2013 साली सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाल्यापासून त्यांनी मँचेस्टर युनायटेडचे सहा कायम मॅनेजर घरी पाठवले आहेत: मॉयस, व्हान खाल, मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग, आणि जानेवारी 2026 मध्ये आमोरिम. प्रस्तुत मार्गदर्शन मेहुण्यांच्या या प्रदीर्घ साधनेवर आधारलेलं आहे. त्यांची परवानगी घेतलेली नाही.

साहित्य. एक सोफा. एक फोन, चार्जरसह. दुसऱ्याच्या नावावरचं ओटीटीचं खातं (मेहुणे माझं वापरतात). घरातले उठू नयेत म्हणून हेडफोन आणि गोल खाल्ल्यावर ते उठतीलच इतका आवाज.

वेळेचं गणित पाठ असावं. तिथे शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारा सामना आपल्याकडे हिवाळ्यात रात्री साडेआठला लागतो, उन्हाळ्यात साडेसातला. आठवड्यामधल्या रात्रीचे सामने मध्यरात्रीनंतर, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कचेरीत मॅनेजरबद्दलचं मत आपोआप कडक होतं. इथे एक गंमत नोंदवून ठेवतो. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचा सामना टीव्हीवर थेट दाखवायला मनाई आहे. लोकांनी घरात लोळत न बसता आपापल्या गावातल्या लहान क्लबचं तिकीट काढावं, म्हणून 1960च्या दशकापासून ही पद्धत चालत आली आहे. म्हणजे मॅनेजरने शनिवारी दुपारी जो घोळ घातला तो मँचेस्टरच्या माणसाला घरबसल्या दिसत नाही, डोंबिवलीच्या माणसाला दिसतो. निवाडा कोणी करायचा हे यावरून उघड आहे.

मुहूर्त. पराभवानंतरचा कोणताही मुहूर्त चालतो, पण त्यातही डावंउजवं असतं. डेव्हिड मॉयस यांना सहा वर्षांचा करार देऊन आणलं आणि दहाव्या महिन्यात, एप्रिल 2014 मध्ये काढलं. निमित्त कुठल्या सामन्याचं? तर एव्हर्टनचं. ज्या क्लबात त्या गृहस्थाने अकरा वर्षं काढली, तिथेच जाऊन 2-0 हरले आणि दोन दिवसांत गेले. इतका निर्दय योग पंचांगातही सहसा सापडत नाही.

चषक हा ताईत आहे असं समजू नये. लुई व्हान खाल यांनी मे 2016 मध्ये एफए कप जिंकून दिला, दोन दिवसांनी त्यांना निरोप मिळाला. चेल्सीच्या रोबेर्तो दि मात्तेओ यांनी मे 2012 मध्ये चॅम्पियन्स लीग आणली, नोव्हेंबरमध्ये घरी. लेस्टर सिटीला ज्यांनी 2016 साली लीग जिंकून दिली (सट्टेबाजांनी हंगामाच्या सुरुवातीला त्यावर 5000 ला 1 असा भाव दिला होता), त्या क्लाउडिओ रानिएरी यांना पुढल्या फेब्रुवारीत नारळ. आणि अँज पोस्टेकोग्लू! टॉटनहॅमला 2025 मध्ये युरोपा लीग मिळवून दिली, अंतिम सामन्यात हरवलं आमच्या मेहुण्यांच्याच संघाला, आणि सोळा दिवसांत त्यांना जा म्हणाले. कारण लीगमध्ये सतरावे आले होते. नंतर नॉटिंगहॅम फॉरेस्टने त्यांना घेतलं ते एकोणचाळीस दिवसांसाठी. शेवटचा सामना संपल्यावर काही मिनिटांतच कळवलं. घाम तरी पुसू द्यायचा.

विश्वासदर्शक निवेदन. संचालक मंडळाने ‘मॅनेजरवर आमचा पूर्ण विश्वास आहे’ असं जाहीर केलं, की मॅनेजरच्या घरच्यांनी खोकी मागवावीत.

निदान. ही पायरी सगळेच गाळतात. तरी शास्त्र पुरं व्हावं म्हणून लिहितो. नुसता निकाल पाहू नये. मागचे दहा सामने घ्यावेत. त्यांत बलाढ्य संघ किती होते, जखमी खेळाडू कोण, आणि मुख्य म्हणजे गोलाच्या चांगल्या संधी आपण किती निर्माण केल्या नि समोरच्याला किती दिल्या, हे पाहावं. हल्ली ‘अपेक्षित गोल’ नावाचा आकडा मिळतो. फटका कुठून, कोणत्या कोनातून मारला यावरून तो गोल होण्याची शक्यता किती, हे त्यात मांडतात आणि बेरीज करतात. हा आकडा चांगला पण निकाल वाईट असेल, तर चेंडू खांबाला लागतोय इतकंच. उलट आकडा वाईट आणि तरी संघ जिंकतोय, तर काळजी तेव्हा करावी. पण जिंकत असताना मॅनेजर काढा म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मेहुण्यांना हे समजावून सांगितलं, तर म्हणाले, “भाऊजी, अपेक्षित गोलावर अपेक्षित कप मिळतो का?” याला उत्तर नाही.

बास टेर वील या डच अर्थशास्त्रज्ञाने 1986 ते 2004 या काळातल्या नेदरलँड्सच्या लीगचा हिशेब मांडला आहे. पडझड झाल्यावर ज्या क्लबांनी मॅनेजर बदलला त्यांचे निकाल सुधारले. ज्यांची तशीच पडझड झाली पण ज्यांनी मॅनेजर बदलला नाही, त्यांचेही साधारण तितकेच सुधारले. मॅनेजर काढला जातो तो नशीब तळाला टेकल्यावर. तिथून ते वरच येणार. श्रेय मात्र नवा मनुष्य घेऊन जातो.

आता कोणी म्हणेल, मग काढूच नये का? अपवाद आहेत. खाली उतरण्याची, म्हणजे लीगमधून हकालपट्टी होण्याची वेळ आली आणि खेळाडूंनी मॅनेजरचं ऐकणं सोडलं, तर काढावा. रानिएरींच्या जागी त्यांचेच सहायक क्रेग शेक्सपिअर आले, पहिल्याच सामन्यात लेस्टरने लिव्हरपूलला 3-1 हरवलं आणि हंगाम बाराव्या क्रमांकावर संपवला. कृतघ्नपणा होता, पण लागू पडला. वॉटफर्डने मात्र 2019-20च्या एका हंगामात तीन मॅनेजर काढले, तिसरा दोन सामने उरलेले असताना, आणि तरीही उतरले ते उतरलेच.

फर्ग्युसन-बंदी. या विषयावर बोलताना कोणीही फर्ग्युसनचं उदाहरण देऊ नये. जो तो देतो. ते 1986च्या नोव्हेंबरात आले, तीन वर्षं काही हाती लागलं नाही, सप्टेंबर 1989 मध्ये मँचेस्टर सिटीकडून 5-1 मार खाल्ला, प्रेक्षकांत त्यांना टाटा करणारा फलक फडकला, आणि जानेवारी 1990 मध्ये नॉटिंगहॅमला मार्क रॉबिन्स या पोराने डोक्याने गोल करून एफए कपात संघाला तारलं. त्याच वर्षी कप, पुढे तेरा लीग विजेतेपदं. ‘बघा, वेळ दिला!’ अहो, वेळ शंभर जणांना देता येतो, त्यातला फर्ग्युसन एखादाच निघतो. आर्सेनलच्या मिकेल आर्टेटांना दोनदा आठवे येऊनही ठेवलं, पुढे ते ओळीने तीनदा दुसरे आले. बाकीच्यांना वेळ देऊन फक्त वेळ गेला.

खरी मेख पुढे आहे. तो मार्क रॉबिन्स पुढे स्वतः मॅनेजर झाला. कॉव्हेंट्री सिटीला त्याने इंग्लिश लीगच्या चौथ्या पायरीवरून उचलून 2023 मध्ये प्रीमियर लीगच्या उंबरठ्यापर्यंत नेलं, तिथे पेनल्टीवर हुकलं. सात वर्षांहून जास्त काळ तिथे राहिला. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याला काढलं. मी चिडलो. फर्ग्युसनची नोकरी वाचवणाऱ्या माणसाची नोकरी वाचवायला एकही पोर मिळू नये! आणि मग फ्रँक लॅम्पार्ड आले, नि कॉव्हेंट्री त्याच हंगामात वर चढण्याच्या बाद फेरीपर्यंत पोचली. शास्त्राची अशी पंचाईत होते.

वेळ दिल्याने काय घडतं हे पाहायला इतक्या लांब जायचंही कारण नाही. गोव्याच्या डेंपो क्लबने आर्मांडो कोलासो यांना दशकाहून अधिक काळ ठेवलं आणि देशाची पाच विजेतेपदं घेतली. मेहुण्यांना विचारलं, तर ते म्हणाले, “डेंपो म्हणजे ते जहाजवाले ना?” युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानात कुठल्या स्टँडला कोणाचं नाव आहे हे त्यांना झोपेत विचारा.

खर्च. एरिक टेन हाग यांचा करार जुलै 2024 मध्ये वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना काढलं. ते आणि त्यांचे सहकारी जाताना क्लबला एक कोटी पौंडांहून जास्त मोजावे लागले. त्याच सुमारास क्लबचे सहमालक जिम रॅटक्लिफ यांनी काटकसर म्हणून शेकडो साध्या कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या कमी केल्या आणि उरलेल्यांचं फुकटचं दुपारचं जेवण बंद केलं. ग्लेझर कुटुंबाने 2005 साली क्लब विकत घेतला तो मुख्यतः कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. त्यावरचं व्याज आजवर कुठल्याही मॅनेजरने भरलेलं नाही, कुठल्याही मॅनेजरने थांबवलेलंही नाही. मे 2024 मध्ये आर्सेनलशी सामना होता. तो संपता संपता पाऊस आला, आणि ओल्ड ट्रॅफर्डच्या छताच्या एका कोपऱ्यातून पाण्याचा लोट थेट खुर्च्यांवर कोसळायला लागला. मेहुण्यांनी तो व्हिडिओ मला पाठवला, खाली काही न लिहिता. मॅनेजर बदलून छत गळायचं थांबत नाही, हे त्यांनाही कळतं.

पगार आणि लीगमधला क्रमांक यांचं लांबच्या पल्ल्यात घट्ट नातं असतं, असं फुटबॉलचे अर्थशास्त्रज्ञ सांगतात. युनायटेडचे पगार वरच्या पाचांत बसणारे आणि 2024-25 मध्ये नंबर पंधरावा. असा फरक एका मॅनेजरच्या हाताखाली पडला, तर संशय मॅनेजरवर घ्यावा. सहांच्या हाताखाली पडला तर जिना चढून वरच्या मजल्यावर जावं. पण मालकाला नारळ द्यायचा विधी शास्त्रात नाही, म्हणून खालच्या मजल्यावरचा माणूस पुन्हा पुन्हा जातो.

पर्याय. जुना काढण्याआधी नवा कोण, हे ठरवावं. मेहुण्यांच्या फोनमध्ये नेहमी तीन नावं तयार असतात. एक जर्मन, एक स्पॅनिश आणि एक जो नाही म्हणालेला आहे. इथे मला त्यांच्या सोसायटीचा उल्लेख करणं भाग आहे, कारण तिथले सेक्रेटरी तेच. त्यांचा वॉचमन गेट उघडं टाकून प्लॅस्टिकच्या खुर्चीत झोपतो. एकदा कोणाची तरी सायकल गेली. सर्वसाधारण सभेत त्याला काढा म्हणून गदारोळ झाला, तेव्हा मेहुणे उठून म्हणाले, “नवा आणणार कुठून? याला निदान पाण्याचा कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे ते माहीत आहे. आणि गेट उघडं राहतं ते कडी तुटलीय म्हणून. कडी आधी बसवा.” सभा गप्प झाली. कडी बसली की नाही ते विचारलेलं नाही. पण मँचेस्टरच्या संचालक मंडळात इतकं शहाणं बोलणारा एकही माणूस गेल्या बारा वर्षांत दिसला नाही, हे मी लेखी द्यायला तयार आहे.

पथ्य. विधीच्या रात्री मेहुण्यांना फोन करू नये. ऑगस्ट 2025 मध्ये मी केला होता. लीग कपात युनायटेड चौथ्या पायरीवरच्या ग्रिम्सबी टाउनकडे गेले होते. आपल्याकडे मध्यरात्री साडेबाराला सुरू झालेला सामना. 2-2 अशी बरोबरी, मग पेनल्टी, त्या संपता संपेनात, शेवटी 12-11 ने हरले. आमोरिम कडेला बसून फळ्यावरच्या चकत्या सरकवत होते. फोनवर मेहुणे बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “भाऊजी, ग्रिम्सबीचं मैदान ग्रिम्सबीत नाहीच. क्लीथॉर्प्समध्ये आहे.” एवढंच. त्यांना काही तरी अचूक बोलायचं होतं.

जानेवारीत आमोरिम गेले, तेव्हा मला वाटलं आनंदात असतील. नव्हते. “बिचारा,” म्हणाले. “चौदा महिने तरी मिळाले त्याला.” मॉयस यांना दहाच मिळाले होते, ही तुलना त्यांच्या मनात होती की सहानुभूती, कळलं नाही.

नव्या मॅनेजरला द्यायची मुदत. या बाबतीत मेहुण्यांचं शास्त्र ठाम आहे: डिसेंबरअखेर. मनुष्य जूनमध्ये आलेला असो वा नोव्हेंबरमध्ये. मँचेस्टर सिटीला हरवल्यास मार्चपर्यंत वाढवून मिळते. त्यासाठी लेखी अर्ज करावा लागत नाही, मात्र सामना त्यांनी जागेपणी पाहिलेला असावा लागतो.