श्रीयुत ग्रिलकर

मुंबईच्या उपनगरांत शाळांच्या परीक्षा आटोपल्या आणि आंब्याच्या पेट्या दिसू लागल्या की त्याच सुमारास एक विशिष्ट गृहस्थही दिसू लागतात. त्यांचं खरं आडनाव काहीही असो, आपण त्यांना ग्रिलकर म्हणू. वय पंचेचाळीस ते पंचावन्न, गृहकर्जाचे शेवटचे हप्ते चालू, ऑफिसात हाताखाली आठ-दहा माणसं, घरात एकही नाही. ते अंधेरीला लोखंडवाला कॉम्प्लेक्समध्ये राहतात, बोरिवलीला आय. सी. कॉलनीत राहतात, मुलुंडला एलबीएस रोडवरच्या टॉवरमध्ये राहतात आणि घाटकोपरला गारोडिया नगरातही राहतात. आजवर त्यांचा स्वयंपाकघराशी संबंध फ्रिजच्या दारापुरता होता. यंदा मात्र घरात झाकणवालं, काळं कुळकुळीत, दोन बर्नरचं गॅस ग्रिल आलं आहे आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला ते सांगताहेत, ‘‘काही विशेष नाही हो, साधंच जेवण. भाज्या टाकायच्या, पनीर टाकायचं, उलटायचं आणि खायचं. उन्हाळ्यात किचनमध्ये घामाघूम कोण होणार?’’ ग्रिलकरांचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच आहे : ग्रिल म्हणजे साधेपणा, साधेपणा म्हणजे सुटका. माझं म्हणणं असं, की ग्रिलमुळे कष्ट कवडीनेही कमी होत नाहीत. ते फक्त स्वयंपाकघरातून उठून चारचौघांत येतात. ग्रिलकरांचा काही उपयोग असेल तर तो या उठून येण्यातच आहे, आणि तो त्यांच्या लक्षात आलेला नसतो.

साधेपणाची पहिली परीक्षा जागेपाशी होते. १९५२ साली शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसाने, पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये बनवणाऱ्या आपल्या कारखान्यातला एक बोया मधोमध कापून झाकणाची शेगडी केली. मागच्या अंगणात वारा फार, म्हणून झाकण. म्हणजे या जातीच्या उपकरणाने मुळात अंगण गृहीत धरलं आहे आणि वाराही गृहीत धरला आहे. मुलुंडच्या चौदाव्या मजल्यावर वारा आहे, अंगणाचं मात्र कठीण आहे. जुन्या इमारतींतल्या बाल्कन्या लोकांनी सरकत्या काचा लावून हॉलमध्ये घेतल्या. नव्या इमारतींत, जानेवारी २०१२च्या नियमबदलाने बाल्कनी बांधकामाच्या मर्यादेत, म्हणजे एफएसआयमध्ये, धरली जाऊ लागल्यावर बिल्डरांनी ती देण्यात हात आखडता घेतला. उरलं ते खिडकीबाहेरचं लोखंडी पिंजऱ्याचं हातभर राज्य, आणि तिथे तुळस, झाडू व ओला टॉवेल यांची वहिवाट आधीच लागलेली. मग प्रश्न गॅसचा. घरात महानगर गॅसचा पाइप आहे, पण त्यातून येतो मुख्यतः मिथेन, आणि ग्रिलचे जेट असतात एलपीजीचे. तेवढ्याच घनफळात एलपीजीची उष्णता निदान अडीचपट असल्याने ग्रिल पाइपला जोडलं तर ज्योत देवापुढच्या समईइतकी सात्त्विक लागते. म्हणून पाच किलोचा सिलिंडर. तो बंद बाल्कनीत ठेवणं धोक्याचं, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर वर उडून न जाता जमिनीलगत साचून राहतो. म्हणून गच्ची. गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरींकडे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. हा कायदा इमारतीतल्या आगीच्या बंदोबस्ताची जबाबदारी मालक आणि रहिवाशांवर टाकतो, तेव्हा सेक्रेटरींच्या आठ्या अगदीच बिनबुडाच्या नसतात. साध्या जेवणाचा पहिला पदार्थ अशा रीतीने अर्ज असतो, दोन प्रतींत.

दुसरी परीक्षा श्रमांची. ग्रिलकर संध्याकाळी सात वाजता अॅप्रन बांधून प्रकट होतात. त्याआधी काय घडलेलं असतं ते पाहावं. दही सकाळपासून फडक्यात टांगलेलं असतं. पनीरचे तुकडे, ढोबळी मिरचीचे चौकोन, कणसाच्या चकत्या कापून मसाल्यात मुरत ठेवलेल्या असतात. बांबूच्या काड्या जळू नयेत म्हणून पाण्यात भिजत असतात. हिरवी चटणी वाटलेली, कांदा चिरलेला, लिंबं कापलेली. आणि ‘नुसत्या भाज्यांनी कोणाचं पोट भरणार’ हे ओळखून दहीभाताचं पातेलं व पोळ्यांचा डबाही तयार. हे सारं ग्रिलकर वहिनींनी केलेलं असतं. ग्रिलकर ते ग्रिलवर मांडतात, चिमट्याने उलटतात आणि जाहीर करतात, ‘‘आज किचनला सुट्टी!’’ यावर कोणी म्हणेल, एका माणसावरून सगळ्या पुरुषजातीला का झोडपता? तर आकडे सरकारी आहेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि पुरुष ९७. पुन्हा ही सरासरी काम करणाऱ्यांचीच. मुळात असं काम करणाऱ्या बायका होत्या ८१.२ टक्के आणि पुरुष २६.१ टक्के. ग्रिलकरांनी चिमटा हाती घेतल्याने त्यांची गणना या २६ टक्क्यांत होते, हे सर्वेक्षणाचं औदार्य समजावं.

तिसरा मुद्दा चवीचा, आणि इथे ग्रिलकर विशेष हळवे होतात. ‘‘ती स्मोकी टेस्ट तव्यावर येत नाही,’’ असं ते डोळे मिटून सांगतात. आता गॅस नीट जळला तर त्यातून धूर निघत नाही. ग्रिलवरचा धूर येतो तो पदार्थातली चरबी आणि रस खालच्या तापलेल्या पत्र्यावर ठिबकून, जळून, वर उठल्यामुळे. म्हणजे पापलेट किंवा कोंबडी असेल तर ग्रिलकरांचं म्हणणं खरं. वर्सोव्याच्या बाजारात जाऊन येणाऱ्या अंधेरीच्या ग्रिलकरांना हा लाभ होतो. पण घाटकोपरचे ग्रिलकर भाजतात ढोबळी मिरची आणि अननस. त्यात ठिबकायला पाणीच. मग धूर निघावा म्हणून ब्रशने बटर फासायचं, म्हणजे आधी ‘हेल्दी’ म्हणून तेल वगळायचं आणि नंतर ‘टेस्ट’साठी लोणी ओतायचं. पनीरची निवड मात्र अचूक आहे, कारण आम्लाने फाडलेल्या दुधाचं पनीर तापलं तरी वितळत नाही. ग्रिलकरांच्या हातून सुखरूप सुटणारा तो एकमेव पदार्थ. खमंग डागांचं म्हणाल तर ती रासायनिक क्रिया फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ साली मांडली. तिला साधारण १४० अंशांच्या पुढचं तापमान लागतं आणि ती तव्यावरच्या भाकरीतही बिनतक्रार घडते. ओल्या मसाल्यातलं पाणी उडेपर्यंत ती ग्रिलवर घडतच नाही. त्यातून ग्रिलकर दर मिनिटाला झाकण उघडून ‘झालं का’ पाहतात, त्यामुळे आतली उष्णता गच्चीला मिळते. खरा धूरच हवा असेल तर भरताच्या पातेल्यात वाटीत निखारा ठेवून त्यावर तूप सोडायचं आणि झाकण घालायचं, ही युक्ती वहिनींना केव्हापासून ठाऊक आहे. त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

या ठिकाणी परंपरेचे अभिमानी उठतात आणि म्हणतात, हे अमेरिकन खूळच मुळी आपलं नव्हे. हा आक्षेप मला मान्य नाही. विस्तवावर भाजून, भोवती बसून खाणं आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. खानदेशात भरताची वांगी काट्याकुट्यांच्या जाळावर भाजतात. सोलापूर-नगरकडे शेतात गोवऱ्यांची आगटी पेटवून ज्वारीचा हुरडा भाजतात. रायगडात वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून पोपटी लावतात, आणि मुलुंड-घाटकोपरच्या गुजराती शेजाऱ्यांच्या वलसाडकडचं उंबाडियुं हे पोपटीचं सख्खं भावंड. ग्रिलकरांची चूक परकेपणाची नाही, वेळापत्रकाची आहे. हुरडा आणि पोपटी थंडीतली, जेव्हा विस्तव हीच मेजवानी असते. मे महिन्यातल्या मुंबईत, पारा तेहतिसावर आणि घाम वाळायला तयार नाही अशा हवेत, आपल्या लोकांनी भाजली ती फक्त कैरी, आणि तीही पन्हं करून गार पिण्यासाठी. परकेपणाचा आरोप करायचाच तर तो नाकांवर करावा. ग्रिलकरांच्याच इमारतीत कोणा आजीने गॅसवर सुका बोंबील भाजला की जिन्यात ‘वास येतो’ म्हणून कुजबुज होते, प्रसंगी सोसायटीच्या सभेत विषय निघतो. ग्रिलकरांच्या ग्रिलवर तेच मासे चढले की तेच नाक ‘वा, बार्बेक्यू!’ म्हणून जिना चढून वर येतं. धूर एकच असतो, मान अॅप्रन पाहून दिला जातो.

मग ग्रिलकरांना निकालात काढावं का? त्यांचे वकील म्हणतात, निदान एक पुरुष विस्तवापाशी उभा तर राहिला. त्याची टिंगल केलीत तर तो पुन्हा सोफ्यावर जाईल. या युक्तिवादात तथ्य आहे, पण वकिलांना वाटतं तिथे नाही. पुरुष स्वयंपाक करू शकतो हे सिद्ध करायची गरज नाही. लग्नकार्यातले आचारी आणि घाटकोपरच्या वल्लभ बाग लेनच्या खाऊगल्लीतले डोसेवाले ते रोज सिद्ध करतात. ग्रिलचा गुण वेगळा आहे. त्यावर एका वेळी सहा-आठ काड्याच मावतात आणि खाणारे पंधरा असतात. त्यामुळे पहिला घाणा मुलांना, दुसरा पाहुण्यांना, तिसरा पुन्हा मुलांना असं करत ग्रिलकर दीड तास आचेसमोर उभे राहतात. ‘गरमगरम आण’ असं त्यांना चहूकडून सांगितलं जातं. कोणी म्हणतं कच्चं आहे, कोणी म्हणतं करपलं. शेवटी सगळ्यांचं झाल्यावर त्यांच्या वाट्याला येतं ते गार झालेलं पनीर आणि काडीला चिकटलेला अर्धा कांदा. तव्यावरची पोळी थेट ताटात वाढणारी बाई हीच जागा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आली आहे, फक्त ती भिंतीआड होती आणि तिला टाळ्या नव्हत्या. ‘गरमगरम’ या मागणीची किंमत दुसरं कोणीतरी उभं राहून मोजतं, हे ग्रिलकरांना स्वतःच्या पायांच्या पोटऱ्यांतून समजतं. सर्वेक्षणाचे २९९ मिनिटांचे तक्ते वाचून हे ज्ञान होण्याची शक्यता कमी होती.

अर्थात अर्धवट झालेलं ज्ञान टिकत नाही, आणि इथे अर्धवट राहण्याची जागा पक्की ठरलेली आहे. पाहुणे पांगतात, ग्रिलकर कंबर धरून खुर्चीत बसतात, वहिनी त्यांना ‘दमलात’ म्हणतात, आणि ग्रिलची जाळी, चिकटलेल्या मसाल्याचं आणि जळक्या लोण्याचं काळं कवच घेऊन, सकाळच्या भांडेवाल्या मावशींसाठी मोरीत जाऊन पडते. त्या पाहतात, जास्तीचे पैसे मागतात आणि ते त्यांना द्यायलाच हवेत. पण तेवढ्याने ग्रिलकरांचा स्वयंपाक पुन्हा सादरीकरण होऊन बसतो. घरात स्वयंपाक केला कोणी, याचा निकाल वाढताना लागत नाही, घासताना लागतो. तेव्हा सेक्रेटरींना एक सूचना : गच्चीच्या परवानगीचा अर्ज नाकारू नका. सिलिंडर उघड्यावर ठेवावा, पाण्याची बादली जवळ असावी या अटींखाली एक ओळ वाढवा, की जाळी अर्जदाराने स्वहस्ते घासून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत सोसायटीच्या ऑफिसात दाखवावी. जे ग्रिलकर ती घेऊन येतील त्यांना पुढच्या शनिवारची किल्ली बिनशर्त द्यावी. त्यांना साध्या जेवणाचा अर्थ कळला आहे. बाकीच्यांची ग्रिलं जून उजाडायच्या आत ‘फक्त एकदा वापरलेलं’ म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर विक्रीला येतीलच.