थोबाडरावांच्या सेवेशी

श्री. थोबाडराव,
मुक्काम मानेच्या वर, टोपीच्या खाली,
फणसवाडी, मुंबई 400002



तुमची बढती झाल्याचं कळलं. अभिनंदन! आजवर तुमच्याकडे कामं ती काय होती? दाढी करून घेणं, लग्नात हसणं आणि शिधावाटप कार्यालयाच्या रांगेत शक्य तितकं केविलवाणं दिसणं. गेल्या आठवड्यात लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात नवा फोन घेतला आणि तिथल्या पोरानं तो तुमच्यासमोर धरला. "काका, इकडे बघा. जरा डावीकडे. आता उजवीकडे. झालं!" एवढ्या मुलाखतीवर तुम्ही माझ्या बँकखात्याचे, औषधांच्या चिठ्ठ्यांचे, भाऊबंदकीतल्या कागदांचे आणि मित्रांनी पाठवलेल्या नको त्या विनोदांचे किल्लेदार झालात. माझा चुलतभाऊ पालिकेत शिपाई म्हणून लागला तेव्हा यापेक्षा जास्त चौकशी झाली होती. त्याला चारित्र्याचा दाखला तरी मागितला होता.

हे पत्र खुलं लिहितोय, कारण झाकून ठेवणं तुमच्या स्वभावातच नाही. किल्लीनं लपून राहावं अशी जगाची रीत. तुम्ही मात्र सकाळी दूध आणायला निघता तेव्हापासून उघडे. व्यंकटेश बालाजीच्या गोपुरापासून ठाकुरद्वारच्या नाक्यापर्यंत तुम्हाला न ओळखणारा माणूस सापडायचा नाही. चाळीच्या जिन्यात दिवा नसला तरी पहिल्या मजल्यावरच्या काकू तुम्हाला बरोबर ओळखतात आणि इतका उशीर का झाला तेही विचारतात. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत फेटा बांधून, गॉगल कपाळावर सरकवून तुम्ही फोटोवाल्यांपुढे ताटकळत उभे असता. वाडीच्या व्हॉट्सॲप गटावर तुमचा सत्यनारायणाच्या दिवशीचा फोटो आहे, समोरून काढलेला, लख्ख उजेडातला, नाकावरचा तीळसुद्धा मोजता यावा असा. माझा पिन शोधायला चोराला डोकं खाजवावं लागेल. तुम्हाला शोधायला गटाचा सदस्य होणं पुरेसं आहे.

आता तुम्ही म्हणाल, फोटो दाखवून फोन उघडायला फोन काय खुळा आहे? थोबाडराव, काही फोन खुळे आहेत. 2011 मध्ये अँड्रॉइडच्या 4.0 आवृत्तीत तोंड बघून उघडणारं कुलूप पहिल्यांदा आलं आणि ते फोटोला फसतं हे लगेच उघड झालं. मग पुढच्या आवृत्तीत त्याला डोळे मिचकावून दाखवायची अट आली. हा पोरखेळ तेव्हाच संपला असं वाटत असेल, तर 2019 ची गोष्ट ऐका. नेदरलँड्सच्या ग्राहक संघटनेनं 110 फोन तपासले, त्यातले 42 मालकाच्या साध्या फोटोला भुलून उघडले. 2023 मध्ये ब्रिटनच्या 'विच?' या ग्राहक संस्थेनं 48 नवे फोन घेतले, त्यातले 19 कागदावर छापलेल्या फोटोला फसले. बारा वर्षांत फोन पाण्यात बुडून जगायला शिकले, चंद्राचे फोटो काढायला शिकले, पण कागद आणि कातडी यांतला फरक त्यातल्या कित्येकांना कळेना.

म्हणजे सगळेच खुळे असंही नाही, आणि खरी मेख इथेच आहे. दुकानातला पोरगा दोन वेगळ्या वस्तूंना एकच नाव देतो. ॲपलनं 2017 च्या सप्टेंबरात आयफोन एक्स दाखवला, तेव्हापासून त्यांच्या बहुतेक फोनांत एक छोटा प्रक्षेपक असतो. तो डोळ्यांना न दिसणारे 30 हजारांहून जास्त अवरक्त ठिपके तोंडावर टाकतो आणि नाक किती पुढे, डोळे किती आत याचा उंचसखल नकाशा बनवतो. त्याला कागद दाखवला तर कागद सपाट निघतो. अंधारातही चालतो. शिवाय तो नकाशा गणिती रूपात फोनच्याच एका बंदिस्त चिपमध्ये राहतो, कंपनीकडे जात नाही. उलट मी ज्या किमतीचा फोन घेतला त्यात असा प्रक्षेपक नाही. सेल्फीचा जो कॅमेरा आहे तोच तुमचा फोटो काढतो आणि जुन्या फोटोशी ताडून बघतो. दुकानात दोन्हींना शब्द मात्र तोच: फेस अनलॉक.

आपण कुठल्या प्रतीचे हे दुकानदाराला विचारू नका, बँकेला विचारा. गूगलनं अशा ओळखींचे तीन वर्ग पाडलेत आणि हे वर्ग लोकलच्या डब्यांच्या उलटे आहेत: पहिला वर्ग सगळ्यांत हलका. नकली तोंड किंवा बोट शंभरदा दाखवलं आणि ओळख वीसहून जास्त वेळा फसली, तर ती पहिल्या वर्गात. तिसऱ्या वर्गाला फार तर सात वेळा फसायची मुभा. पहिल्या वर्गातल्या तोंडानं फोनचा पडदा उघडतो, पण बँकेचं ॲप त्याला दारात उभं करत नाही, ते बोट मागतं नाहीतर पिन. परवा आपल्यावर हाच प्रसंग आला ना? फोननं तुम्हाला मुजरा करून आत घेतलं आणि बँकेनं बोट आणायला सांगितलं. तुमचा अपमान झाला खरा, पण ती बँक शहाणी.

महागड्या प्रतीच्या थोबाडांचीही परीक्षा झालेली आहे. 2018 मध्ये 'फोर्ब्स'च्या एका पत्रकारानं बर्मिंगहॅममध्ये स्वतःच्या डोक्याची त्रिमितीय प्रतिकृती छापून घेतली. खर्च तीनशे पौंडांच्या थोडा वर. ते मुंडकं पाच फोनांपुढे धरलं. चार अँड्रॉइड फोन उघडले, आयफोन बधला नाही. वाचून मला त्या पत्रकाराची कीव आली. तीनशे पौंड! लालबाग-परळच्या एखाद्या कारखान्यात जाऊन गणपतीचं काम संपल्यावर शब्द टाकला असता तर मूर्तिकारानं मातीत तुमच्यापेक्षा देखणं थोबाड घडवून दिलं असतं, वर डोळ्यांची आखणी अशी केली असती की फोननंच हात जोडले असते.

पण माझं तुमच्याशी भांडण या मुंडक्यावरून नाही. माझ्या फोनसाठी इतका खटाटोप कोण करणार? लालबागच्या राजाच्या गर्दीत दरवर्षी ढिगानं फोन जातात आणि लोक काळाचौकी पोलीस ठाण्यात तक्रारी घेऊन उभे राहतात. त्या चोराला माझ्या तोंडात काही रस नसतो, त्याला फोन विकायचा असतो. अशा परक्या माणसापुढे तुम्ही बरे टिकता, हे मी खुल्या पत्रात लिहून देतो. ॲपलचा दावा तर असा की कुठलाही परका माणूस आपल्या तोंडानं तुमचा फोन उघडेल ही शक्यता दहा लाखांत एक. बोटाच्या ठशाला ते पन्नास हजारांत एक म्हणत. 2011 च्या जनगणनेत मुंबईत सव्वा कोटीच्या आसपास माणसं होती. म्हणजे तो महागडा फोन घेतला असता तरी या शहरात दहा-बारा मंडळी असतील ज्यांना माझ्या फोनचं दार सताड उघडं. त्यांनी एकत्र येऊन मंडळ काढावं, वर्गणी मी देतो.

मात्र तीच कंपनी पुढे हळूच सांगते की जुळी भावंडं, तुमच्यासारखी दिसणारी सख्खी भावंडं आणि तेरा वर्षांखालची मुलं यांच्या बाबतीत हा हिशेब लागू नाही, काळजी वाटत असेल तर पिन वापरा. थोबाडराव, हे वाचून मी कपाळाला, म्हणजे तुम्हालाच, हात लावला. माझी भीती परक्या माणसाची कधी नव्हतीच. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात. त्यातला धाकटा भाऊ हुबेहूब माझ्यासारखा, आणि आमच्या आईच्या मते जास्त बरा. भाच्याला माझा फोन खेळायला हवा असतो आणि दुपारी जेवून गॅलरीत आडवा झालो की तुम्ही तोंड वर करून, घोरत, कुणाच्याही हवाली. 2019 मध्ये गूगलचा पिक्सेल 4 आला तेव्हा तो झोपलेल्या माणसाच्या मिटल्या डोळ्यांनाही उघडतो असं आढळलं. डोळे उघडे असण्याची अट घालायला कंपनीला 2020 चा एप्रिल उजाडला. आयफोनमध्ये लक्ष तिकडे असायला लागतं. माझ्या फोनमध्ये ती अट सेटिंगच्या पोटात कुठेतरी, आपोआप सुरू नसलेली. पिन असता तर मी झोपेत तो सांगितला नसता. तुम्ही झोपेत सगळं सांगता.

जाग असली म्हणून तुमचा बाणा राहील असंही नाही. कोणी दंडाला धरलं आणि फोन तुमच्यासमोर धरला की खेळ संपला. यात घरचा दांडगट आला, गल्लीतला आला आणि वर्दीतलाही आला. 1961 मध्ये 'बॉम्बे राज्य विरुद्ध काठी कालू ओघड' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी ठरवलं की अंगठ्याचा ठसा देणं किंवा ओळख पटवायला शरीराचा भाग दाखवणं म्हणजे आरोपीनं स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे. डोक्यात असलेली गोष्ट बोलायला लावणं हे वेगळं. 2022 मध्ये दिल्लीतल्या सीबीआयच्या विशेष न्यायालयानं आरोपीला पासवर्ड सांगायची सक्ती करता येणार नाही असं म्हटलं, ते याच भेदाच्या आधारावर. तेव्हा थोबाडराव, घटनेच्या कलम 20(3) ची सावली मेंदूवर पडते, तुमच्यावर नाही. तुमच्यात नि मेंदूत जेमतेम वीतभर अंतर, पण कायद्यात फार मोठं.

तरी पिनची तरफदारी करताना मला लाज वाटते, हे कबूल. आमच्या वाडीत निम्म्यांचा पिन जन्माचं साल, उरलेल्यांचा 1234. गॅलरीत बसून आकडे दाबले की मागच्या खुर्चीतले अण्णा ते मनात मोठ्यानं वाचतात. चार आकड्यांचे पर्याय दहा हजारच; सहा आकडे केले तर दहा लाख, म्हणजे आयफोनच्या तोंडाइतके, आणि वर हवा तेव्हा बदलता येतो. तुम्ही बदलायचे म्हणजे शस्त्रक्रिया. पण खांद्यावरून डोकावून तुमची चोरी करता येत नाही, हा तुमचा गुण मी मानतो. कुलूपच न लावणाऱ्या आमच्या नानांना तुम्ही मिळालात तर ती बढतीच.

तुमची हौस मोठी, नशीब मात्र खोटं. 2020 मध्ये मास्क आला आणि नाक-तोंड झाकल्यावर तुमची ओळख कुठलाच फोन धड देईना. ॲपलनं खटपट करून नुसत्या डोळ्यांभोवतालच्या भागावरून ओळखायची युक्ती काढली, ती 14 मार्च 2022 ला, आयफोन 12 पासून पुढच्या फोनांसाठी. राज्य सरकारनं त्यानंतर तीन आठवडेही जाऊ दिले नाहीत. 2 एप्रिलच्या गुढीपाडव्याला महाराष्ट्रात मास्कची सक्ती संपली आणि गिरगावात दोन वर्षांनी उघड्या तोंडांची मिरवणूक निघाली.

सरकारदरबारी मात्र तुम्हाला दिवसेंदिवस मान आहे. नोव्हेंबर 2021 पासून निवृत्तांना हयातीचा दाखला फोनपुढे तोंड धरून देता येतो. वरच्या मजल्यावरच्या अण्णांनी डोळे मिचकावले की ते जिवंत. नुसतं 'मी आहे' म्हणून भागत नाही. (तिथलं तोंड फोनमधल्या नकाशाशी नव्हे, आधारच्या नोंदीतल्या फोटोशी ताडलं जातं, ही भानगडच निराळी.) आणि ऑक्टोबर 2025 मध्ये, ज्या आठवड्यात भुयारी मेट्रो काळबादेवी आणि गिरगावपर्यंत आली त्याच आठवड्यात, एनपीसीआयनं यूपीआयचा पिन न टाकता बोट किंवा चेहरा दाखवून पैसे देण्याची सोय जाहीर केली. चिरा बाजारात पापलेटाचा भाव ऐकून तुमचं जे होतं त्याला फोननं संमती समजू नये म्हणजे मिळवली.

एवंच, नेमणूक रद्द करत नाही, कारण ओल्या हातानं आकडे दाबायचा मलाही कंटाळा आहे. पण तुम्हाला हंगामीच ठेवतो. फोन बंद करून पुन्हा चालू केला की पहिला मान पिनचा, हा फोनचाच नियम आहे, तो मी गर्दीत शिरण्यापूर्वी मुद्दाम वापरणार आहे. डोळे मिटलेले असताना तुमचा हुकूम चालणार नाही, ती सेटिंग मी भाच्याकडूनच शोधून घेतली, त्यानं तोंड वाकडं केलं. पैशांच्या व्यवहाराला तुम्ही हात, म्हणजे नाक, लावायचं नाही. धाकट्या भावाला तुमच्या नावानं फोन उघडता येतो का याची तपासणी येत्या भाऊबीजेला, जेवणाआधी, सर्वांसमक्ष होईल.

कळावे, लोभ आहेच, विश्वास बेताचा.

आपलाच,
मानेखालचा

ता. क.: पिन सहा आकडी केला आहे. तो तुमच्यासमोर टाकणार नाही. आकडे दाबताना तुमचे ओठ हलतात.