निघोजच्या खळग्यांवर पुण्याचं विमान

पुण्यात ड्रोन विकत घेणं सोपं, उडवायला आकाश मिळवणं अवघड. लोहगावला हवाई दलाचा तळ, खडकवासल्याला एनडीए, मधे लष्कराच्या हद्दी. 2021 च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे लाल, पिवळे, हिरवे असे भाग पाडले, तेव्हा पुण्याच्या वाट्याला हिरवा रंग बेतानंच आला. यंत्र मात्र 249 ग्रॅमचं, कारण 250 ग्रॅमपर्यंत पायलटचा परवाना लागत नाही. कायद्याच्या काट्यावर एक ग्रॅम वाचवण्याची ही युक्ती सदाशिव पेठेबाहेर सुचली, हे दुःख पचवून पुणेकर नगर रस्त्याला लागतो. नव्वदेक किलोमीटर रस्त्यातले खड्डे चुकवत तो नदीतले खड्डे बघायला जातो: निघोजचे रांजणखळगे.

त्याच्या डोक्यात असतं वाळवंट. जॉर्डनच्या वादी रममध्ये किंवा अमेरिकेच्या मॉन्युमेंट व्हॅलीत ड्रोन शोभतो, कारण तिथला खडक उभा आहे. त्याला प्रदक्षिणा घालता येते आणि संध्याकाळी त्याची लांब सावली वाळूवर पडते. उन्हाळ्यात कुकडी नदी आटली की निघोजही तसंच रखरखीत दिसतं, म्हणून फसगत होते. पण आमच्या खडकाचा स्वभाव उलटा आहे, तो खाली जातो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा बेसाल्ट. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे एकाच जागी गरगरत राहिले आणि त्यांनी त्यात रांजण कोरले. इथं पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे खोली, आणि भर दुपारी सरळ खाली रोखलेल्या कॅमेऱ्याला नेमकी तीच दिसत नाही. नियमानं मिळणाऱ्या चारशे फुटांवरून नदीची भव्य दरी जाळीदार घावनासारखी दिसते. ड्रोनची एक कर्तबगारी मात्र मान्य केली पाहिजे. नदीच्या अलीकडे शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी, पलीकडे पारनेर तालुक्यातलं निघोज. त्यामुळे तो क्षणात पुणे जिल्हा ओलांडतो. मालकाचा वाघोली ओलांडण्यातच तास गेलेला असतो.

यावर जाणकार वेरूळचं कैलास लेणं पुढे करतात. आठव्या शतकात ते वरून खाली कोरलं, मंडपाच्या छतावर कमळ आणि चार सिंह आहेत. म्हणजे आपल्याकडेही वरून बघण्याची सोय होतीच की! होती, पण ते सिंह बघायला मागच्या डोंगरावर चालत जाता येतं, आणि चढताना लागणारी धाप हाही रसग्रहणाचाच भाग आहे. शिवाय संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वराचंही तेच: वरून नंदीमंडपाचं गोल छत तेवढं दिसणार, देव खडकाच्या पोटात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. काठावरून डोकावणारा माणूस घसरून आत पडू शकतो, ड्रोन पडला तर फक्त हप्ते उरतात. हे खरंच आहे. पण त्यासाठी चारशे फूट कशाला? सकाळच्या तिरप्या उन्हात, काठाच्या जरा वर, कॅमेरा तिरका धरून उडवला तर एक भिंत उजळते, दुसरी काळोखात राहते आणि रांजणाला पोट येतं. मग प्रश्न एवढाच उरतो की त्या उंचीवर साधा मोबाइल हातात धरूनही भागलं असतं. त्याचं उत्तर बिलाकडे बघून कुणी देत नाही.

खरं तर ड्रोनची गरज एकदाच पडते: पावसाळ्यात. कुकडी फुगते, काठाशी जाणं वेडेपणाचं ठरतं आणि पाण्याखाली गोटे पुन्हा कोरायला लागतात. कारखाना चालू असलेला बघायचा तर तो आकाशातूनच. फक्त 249 ग्रॅमचे बहुतेक ड्रोन पावसात उडवू नयेत, असं त्यांच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलेलं असतं.