पिंपाभोवतीच्या फेऱ्या

अहो वहिनी, या जरा गडग्याशी. रात्री खर्र-खर्र ऐकू येतं म्हणालात ना, ते भूत नव्हे, आमचे हे. दुर्बिणीच्या आरशासाठी काच घासतायत! वाडीत सुपारीखाली पिंप उभं केलंय, त्यावर एक जाड काच, तिच्यावर दुसरी, मधे कार्बोरंडमची पूड आणि पाणी. दोन्ही हातांनी पुढे-मागे घासायचं, वरची काच थोडी फिरवायची, आपण एक पाऊल सरकायचं, की पुन्हा घासायचं. सासूबाई म्हणतात, वटपौर्णिमा बायकांची ना गं?

हसताय काय! फेऱ्या नसतील तर एकाच अंगाला जास्त झिजेल. वरची काच पुढे गेली की तिचा मध्य खालचीच्या कडेवर घासतो, म्हणून वरची खोलगट होते नि खालची फुगते. काच आठ इंची, चार फुटांवर उजेड एकवटायला हवा. त्याला खोली लागते किती? दोन मिलिमीटर! तेवढ्यासाठी आख्खा पावसाळा माझी पडवी पांढऱ्या चिखलाने भरली.

बरं, खोली झाली म्हणजे सुटलो असं नाही. ऐंशी नंबरची पूड संपली की एकशेवीस, मग दोनशेवीस, अशी बारीक बारीक. दर वेळी पिंप, बादल्या, हात सगळं धुवायचं. जाड पुडीचा एक कण मागे राहिला की पॉलिशला ओरखडा आलाच. आता पॉलिशच्या दिवशी हे अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून बसतात, मला उंबऱ्याबाहेर उभी करतात! पॉलिश होतं डांबराच्या थरावर, सिरियम ऑक्साइड लावून. आपल्याकडच्या वैशाखात डांबर काय जागेवर राहतं? पाघळतं मेलं. मग राळ घालून कडक करा, पुन्हा ओता. वास माझ्या स्वयंपाकघरात.

पण एक गंमत दाखवली हो. फूको नावाच्या फ्रेंच माणसाने १८५८ साली काढलेली परीक्षा. अंधारात बारीकसा दिवा, आणि आरशावरून परतलेला उजेड जिथे एकवटतो तिथे दाढीचं पातं आडवं सरकवायचं. काचेवरचे उंचवटे सावलीत दिसतात. यांनी अंगठा काचेवर टेकवून उचलला, तर तिथे चक्क टेंगूळ! हाताच्या उबेनं काच फुगलेली. थोड्या वेळानं जिरलं. गोलाकार जमला तरी पुरत नाही, तो पॅराबोला करायला अजून हजारांश मिलिमीटरहूनही कमी काढायचं. तेही हातानं!

हे खूळ आलं कुठून, तर पुण्यातून. तिथे नायगमवाला प्रोफेसरांनी १८८८ ला वेधशाळा काढली, तिची २० इंची दुर्बीण विलायतेहून आणवली होती. ती मग कोडाईकनालला गेली. आता त्याच पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेने दुर्बिणी करायच्या कार्यशाळा घेतल्या, आरसा घासण्यापासून. तिथूनच ते घरात शिरलं.

आता अॅल्युमिनियमचा मुलामा चढवायला पाठवायचा आहे आरसा. आपल्या खाऱ्या वाऱ्यात तो टिकवायचा म्हणजे झाकण हवंच, तेही मीच शिवणार.

आणि वहिनी, रागावणार नसाल तर सांगते. बारा इंची काच मागवलीय, आठ-नऊ किलोची. तुमची मागची पडवी रिकामीच असते ना, असं विचारायला सांगितलंय मला.